लेकराच्या तोंडातली रिकामी जागा: वेळेआधी गेलेले आणि मुळातच नसलेले दात

"दुधाचीच तर दाढ आहे डॉक्टर, काढून टाका नं. रात्रभर दुखून राहिलं त्याला."

दाढ काढायला पाच मिनिटं लागतात. ठणका थांबतो, लेकरू आइस्क्रीम खात घरी जातं आणि तोंडात आठ-दहा मिलिमीटरची मोकळी जागा उरते. तिची आठवण पाच-सहा वर्षांनी येते. तोवर एखादा सुळा हिरडीत वरच अडकलेला असतो, एक दात दुसऱ्यावर चढलेला असतो आणि घरात तारा लावायच्या खर्चाची चर्चा सुरू असते.

दाढ काढायच्या आधीच दोन गोष्टी विचारायला हव्यात. खाली कायमचा दात आहे का? असला तर तो यायला किती वेळ आहे? जागा राखायची, सोडून द्यायची की मुद्दाम बंद करायची, हे या दोन उत्तरांवर ठरतं.

आधी घरीच दात मोजा

दुधाचे दात २०. वर दहा, खाली दहा. तिसरं वर्ष पूर्ण होईपर्यंत बहुतेक सगळे आलेले असतात. सहाव्या वर्षाच्या आसपास समोरचे खालचे दात हलू लागतात आणि साधारण त्याच सुमारास दुधाच्या शेवटच्या दाढेच्या मागे कायमची पहिली दाढ येते. तिच्यासाठी कुठलाही दुधाचा दात पडत नाही, त्यामुळे ती आल्याचं घरात कळतही नाही. तिच्याबद्दल पुढे वेगळं लिहिलं आहे, कारण सगळ्यात महागडी चूक तिच्याच बाबतीत होते.

साडेआठ-नऊ वर्षांच्या मुलाला उजेडात बसवा आणि मोजा. तोंडात २४ दात हवेत: समोरचे आठ कायमचे, चार कोपऱ्यांत सहा वर्षांच्या चार दाढा, आणि मध्ये दुधाचे चार सुळे व आठ दाढा. म्हणजे बारा कायमचे, बारा दुधाचे. संख्या कमी भरली तर दात काढलेला आहे, पडलेला आहे, हिरडीखाली अडकला आहे किंवा तयारच झालेला नाही. वयात थोडं मागेपुढे चालतं. काही मुलांचे दात सहा-आठ महिने उशिरा येतात, त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

वयापेक्षा डाव्या-उजव्यातला फरक जास्त बोलका असतो. एका बाजूचा दात येऊन सहा महिने झाले आणि दुसऱ्या बाजूचा आलाच नाही, तर एक्स-रे काढायचाच. वरच्या पटाशीच्या दोन दातांत हे विशेष पाहा. एक पूर्ण उतरला आणि शेजारी अजून दुधाचाच दात ठाम उभा असेल, तर मधे एखादा जास्तीचा दात आडवा आलेला असू शकतो. दात 'नाही' असं वाटतं, प्रत्यक्षात वाट अडलेली असते.

वरच्या सुळ्यांसाठी दहाव्या वर्षी बोटाने चाचपणी करतात. ओठ उचलून दुधाच्या सुळ्याच्या वर, गालाच्या बाजूने हिरडीवरून बोट फिरवलं की कायमच्या सुळ्याचा उंचवटा लागतो. दोन्ही बाजूंना लागला तर ठीक. एका बाजूला लागतो आणि दुसऱ्या बाजूला लागत नाही, तर तो टाळूकडे वळला असण्याची शक्यता असते. तेव्हाच दुधाचा सुळा काढला तर बऱ्याच वेळा कायमचा सुळा आपोआप वाटेवर येतो. चौदाव्या वर्षी हेच लक्षात आलं तर हिरडी उघडून, दाताला साखळी लावून त्याला ओढून आणावं लागतं.

जागा जाते कशी

दात एकमेकांना रेलून उभे असतात. मधला एक गेला की मागची दाढ पुढे सरकते आणि पुढचा सुळा मागे येतो. वरच्या जबड्यात सहा वर्षांची दाढ टाळूकडच्या मुळाभोवती फिरत फिरत पुढे येते. खालच्या जबड्यात ती पुढे कलंडते. सगळ्यात जास्त जागा पहिल्या सहा महिन्यांत जाते, म्हणून दात काढल्यावर "उन्हाळ्याच्या सुट्टीत दाखवू" हे वाक्य फार महाग पडतं. जागा राखणारं साधन बसवायचं की नाही, हे दात काढण्याच्या दिवशीच ठरलेलं बरं. काही दवाखान्यांत आधी माप घेऊन ठेवतात आणि दात काढल्यावर आठवडाभरात साधन बसवतात.

कुठला दात गेला यावरही बरंच अवलंबून आहे. दुधाची दुसरी दाढ, म्हणजे सगळ्यात मागची, गेली की नुकसान सर्वांत मोठं, कारण सहा वर्षांच्या दाढेला टेकण कसलंच उरत नाही. दुधाची पहिली दाढ गेली आणि सहा वर्षांच्या वर-खालच्या दाढा आधीच नीट चावत असतील, तर जागा कमी जाते. खालचा दुधाचा सुळा एकाच बाजूचा गेला तर पुढचे दात त्या बाजूला कलतात आणि वरची-खालची मध्यरेषा चुकते. समोरचे दुधाचे दात लवकर गेले तर जागा फारशी जात नाही, मात्र सुळे आलेले असायला हवेत. तिथे अडचण वेगळी असते: 'त', 'द', 'स' नीट न उमटणं, आणि शाळेत मुलांचं चिडवणं.

एक्स-रेत काय पाहायचं

सगळे दात एकाच चित्रात हवे असतील तर ओपीजी. मशीन डोक्याभोवती फिरतं, मुलाने पंधरा-वीस सेकंद स्थिर उभं राहायचं. किरणांची भीती पालकांना असतेच. एका डिजिटल ओपीजीचे किरण साधारण काही दिवसांत निसर्गातून मिळणाऱ्या किरणांइतके असतात. कारण असताना टाळू नये, कारण नसताना दर सहा महिन्यांनी काढू नये. एकाच दाढेचा प्रश्न असेल तर छोटी फिल्म पुरते.

चित्रात तीन गोष्टी पाहायच्या.

खालचा कायमचा दात आहे का, हे सगळ्यात आधी. इथे घाई करू नका. उपदाढ म्हणजे दुधाच्या दाढेच्या जागी येणारा कायमचा दात; खालच्या जबड्यातल्या दुसऱ्या उपदाढेची चाहूल काही मुलांत खूप उशिरा दिसते. सहाव्या वर्षीच्या एक्स-रेत ती दिसली नाही म्हणून 'नाहीच' असा शिक्का मारायचा नाही, आठ-नऊ वर्षांचं होईपर्यंत थांबून पुन्हा पाहायचं.

दुसरं, मूळ किती तयार झालं आहे. दात बाहेर येतो तेव्हा त्याचं दोन-तृतीयांश ते तीन-चतुर्थांश मूळ तयार झालेलं असतं. मूळ निम्म्याहून कमी असेल तर वाट पाहणं लांबणार. सातव्या वर्षाच्या आत दुधाची दाढ काढली तर खालचा दात उलट उशिरा येतो, कारण जागा भरून येऊन वर हाडाचा आणि जाड हिरडीचा थर बसतो. तोच दात पडायच्या जेमतेम वर्षभर आधी काढला तर खालचा दात लवकर येतो.

तिसरं, वर हाड किती आहे. ढोबळ हिशोब असा की १ मिमी हाड ओलांडायला दाताला चार-पाच महिने लागतात. वर ३ मिमी हाड म्हणजे वर्षाहून जास्त काळ. तेवढ्यात मागची दाढ कुठच्या कुठे आलेली असते. हाड उरलेलं नसेल आणि मूळही दोन-तृतीयांश असेल, तर साधनाची गरज नाही. दर दोन महिन्यांनी पाहत राहिलं की पुरतं.

आता प्रत्यक्ष जागा. समोरचे चार खालचे कायमचे दात आलेले असतील तर टनाका-जॉन्स्टनचं सूत्र झटपट उपयोगी पडतं. चारही दातांच्या रुंदीची बेरीज करा, निम्मी करा, खालच्या जबड्यासाठी त्यात १०.५ आणि वरच्यासाठी ११ मिळवा. उत्तर म्हणजे एका बाजूच्या सुळ्याला आणि दोन उपदाढांना मिळून लागणारी जागा. समजा मधले दोन दात प्रत्येकी ५.५ मिमी आणि बाजूचे दोन प्रत्येकी ६ मिमी. बेरीज २३, निम्मी ११.५, खाली लागणारी जागा २२ मिमी. मुलाच्या दातांच्या प्लास्टरच्या मॉडेलवर त्या बाजूला २०.५ मिमी भरली तर दीड मिमी कमी आहे. हे सूत्र युरोपीय वंशाच्या मुलांच्या मापांवरून काढलेलं आहे, त्यामुळे आपल्याकडे मिलिमीटरभर इकडेतिकडे धरून चालावं. एका बाजूला ३ मिमीपर्यंतची गेलेली जागा साध्या साधनाने परत मिळवता येते. त्यापेक्षा जास्त गेली असेल तर तारांच्या तज्ज्ञाकडेच जावं.

दात वाचत असेल तर वाचवा

दुधाच्या दाढेइतकं चांगलं जागा राखणारं साधन अजून कुणी बनवलेलं नाही. ती स्वतः चावते, वेळ आली की स्वतः पडते, तिचं सिमेंट सुटत नाही. किडलेल्या दुधाच्या दाढेचंही रूट कॅनाल होतं आणि वर स्टीलची तयार टोपी बसवता येते. टोपी चकाकते म्हणून काही आयांना नको वाटते. मागच्या दाढेवर ती दिसत नाही, आणि साधं सिमेंट भरलेल्या दाढेपेक्षा जास्त टिकते. काढायचीच दाढ कुठली? जिची मुळं संपलेली आहेत, जिच्या खाली पू होऊन कायमच्या दाताच्या कळीपर्यंत हाड खाल्लं गेलं आहे, किंवा जी इतकी फुटली आहे की टोपी धरायला भिंतच उरली नाही, ती.

कुठल्या जागेसाठी कुठलं साधन

एका बाजूची एकच दाढ गेली असेल तर बँड-लूप. मागच्या दाढेला स्टीलची पट्टी आणि तिला जोडलेला तारेचा फासा, पुढच्या दाताला टेकलेला. दुधाची पहिली दाढ गेली तर पट्टी दुधाच्या दुसऱ्या दाढेवर, फासा सुळ्याला. दुसरी गेली तर पट्टी सहा वर्षांच्या दाढेवर, फासा दुधाच्या पहिल्या दाढेला. या दुसऱ्या रचनेत एक मेख आहे. दुधाची पहिली दाढ नऊ-दहाव्या वर्षी स्वतःच पडते, दुसरी उपदाढ त्यानंतर येते. मधल्या काळात फासा हवेत राहतो. म्हणून नवव्या वर्षाच्या आसपास साधन बदलावं लागेल हे पहिल्याच दिवशी सांगितलं गेलं पाहिजे.

खाली दोन्ही बाजूंच्या दाढा गेल्या असतील तर जिभेच्या बाजूने जाणारी कमान, म्हणजे लिंग्वल आर्च. ही समोरचे चारही कायमचे दात आल्यावरच बसवायची. ते दात दुधाच्या दातांच्या मागून येतात, आधीच तार ठेवली तर त्यांची वाट अडते. तोपर्यंत दोन्ही बाजूंना वेगळे बँड-लूप. वरच्या जबड्यात टाळूवर प्लास्टिकचं छोटं बटण असलेली नान्स कमान वापरतात.

आणि पाच वर्षांच्या मुलाची दुधाची दुसरी दाढ काढावी लागली, सहा वर्षांची दाढ अजून आतच आहे, अशी वेळ आली तर? टेकायला मागे दातच नाही. मग हिरडीच्या आत जाणारी पाती असलेलं साधन लावतात. त्याला डिस्टल शू म्हणतात. पातीचं टोक आतल्या दाढेच्या पुढच्या कडेच्या साधारण १ मिमी खाली पोचलं पाहिजे, आणि सिमेंट लावायच्या आधी एक्स-रे काढून ते तपासायलाच हवं. हृदयाचा जन्मजात दोष, रक्त न गोठण्याचा आजार किंवा कमी प्रतिकारशक्ती असलेल्या मुलांना हे लावत नाहीत, कारण जखम सतत उघडी राहते. मुलाच्या छातीचं ऑपरेशन झालं असेल तर दाताच्या डॉक्टरांना आपणहून सांगा, "त्याचा दाताशी काय संबंध" असं म्हणून गप्प बसू नका.

एकाहून जास्त दात गेले, समोरचेही नाहीत, तर काढता-घालता येणारी प्लेट. तिच्यावर खोटे दात बसतात, दिसतं छान, पण ती मुलाच्या मर्जीवर चालते. डब्याच्या वेळी रुमालात गुंडाळून ठेवलेली प्लेट रुमालासकट कचऱ्यात जाते, हे ठरलेलं. तिला कडक डबी हवी. उकळत्या पाण्यात धुवायची नाही आणि मे महिन्यात बंद गाडीत डॅशबोर्डवर ठेवायची नाही. ती वाकडी होते, मग तोंडात बसत नाही.

बँड-लूप बसवताना: टप्प्याटप्प्याने

पहिली भेट. दाढा एकमेकींना घट्ट चिकटल्या असतील तर फटीत छोटी रबरी कडी बसवतात. दोन-चार दिवस दाढ दाबल्यासारखी दुखते. कडी पडली तर घाबरू नका, गिळली तरी बाहेर पडते, फक्त दवाखान्यात कळवा.

दुसरी भेट. कडी काढून पट्टीचं माप ठरवतात. पट्ट्या वेगवेगळ्या मापाच्या तयार मिळतात. बरोबर मापाची पट्टी बोटाने जेमतेम अर्धी उतरते आणि दाबून बसवावी लागते. सहज घसरून आत जाणारी पट्टी पुढे महिनाभरात सुटणार हे नक्की. पट्टी दाढेवर ठेवूनच ट्रेमध्ये माप घेतात, मग ती काढून त्या मापात जशीच्या तशी बसवून दगडी प्लास्टर ओततात. इथे पट्टी मापात हलली की सगळं साधन तिरपं बनतं. बसवताना डॉक्टर जोर लावताहेत आणि मूल कळवळतंय, तर कारण बहुतेक वेळा हेच. अशा वेळी नव्याने माप घेतलेलं बरं.

प्रयोगशाळेत ०.९ मिमी जाडीच्या स्टीलच्या तारेचा फासा वळवून पट्टीला डाक देतात. फासा गाल-जीभ दिशेने साधारण ८ मिमी रुंद हवा, कारण खालची उपदाढ त्याच्या आतूनच वर येणार असते. अरुंद फासा असला की येणारा दात तारेत अडकतो. हिरडीपासून तार १ मिमी वर, एटीएम कार्डाच्या जाडीहून किंचित जास्त. त्याहून जास्त उंच राहिली तर घास अडकतो आणि वरच्या दाताखाली सापडून तार वाकते.

तिसरी भेट. दाढ स्वच्छ करून, कापसाने कोरडी ठेवून ग्लास आयोनोमर सिमेंटने पट्टी चिकटवतात. थुंकीचा एक थेंब आत गेला तरी पकड कमी होते, म्हणून ही पाच मिनिटं मुलाने तोंड उघडं ठेवणं फार महत्त्वाचं. घरून निघण्यापूर्वी मुलाचं पोट भरलेलं असू द्या, दुपारच्या झोपेची वेळ टाळा. पहिला तासभर काही खायचं नाही, त्या दिवशी खिचडी किंवा दहीभात. सिमेंट पूर्ण कडक व्हायला दिवस जातो.

बसवल्यानंतर काय बिघडतं

सगळ्यात जास्त वेळा सिमेंट सुटतं. पट्टी पूर्ण निघाली तर निदान कळतं. अर्धवट सुटली तर ती जागेवरच राहते, आत अन्न शिरतं आणि चांगली दाढ पट्टीखाली किडते. घरी दर रविवारी बोटाच्या नखाने पट्टी वर उचलल्यासारखी करून पाहा. हलली किंवा दाबल्यावर कडेने थुंकीचे बुडबुडे आले, तर दुसऱ्या दिवशी दवाखाना. निघालेली पट्टी फेकू नका, पाकिटात घालून घेऊन जा, बहुतेक वेळा तीच पुन्हा बसते.

मग डाक तुटणं. फासा एका बाजूने सुटतो आणि गालाला टोचतो. कारण बहुतेक वेळा खाण्यात सापडतं: फुटाणे, चिक्की, कडक तिळाचे लाडू, ऊस. संत्रा बर्फी मऊ असली तरी चिकट आहे, पट्टीला धरून ओढते. तान्ह्या पोळ्याला लाकडी बैल घेऊन घरोघरी फिरलेलं लेकरू टॉफ्यांनी खिसे भरून येतं. त्या दिवशी "खाऊ नको" म्हणण्यात अर्थ नसतो. मऊ चॉकलेट ठेवून चिकट टॉफ्या भावाला देऊन टाकायला सांगा, खाल्ल्यावर ब्रश करून घ्या.

फासा हिरडीत रुतला की हिरडी लाल होते, ब्रश लागला की रक्त येतं. पुढचा दात हलला किंवा पट्टी खाली सरकली, याची ती खूण. आणि शेवटची गोष्ट, जी सगळ्यात जास्त विसरली जाते: खालचा दात आला तरी साधन तसंच ठेवणं. उपदाढेचं टोक दिसलं की साधन काढायची वेळ झाली.

दर तीन-चार महिन्यांनी दाखवायचं. वर्षातून एकदा पट्टी काढून, दाढ तपासून, फ्लोराइड लावून पुन्हा चिकटवलेली उत्तम. पेस्ट १००० पीपीएम फ्लोराइडची, ट्यूबच्या मागे लिहिलेलं असतं.

सहा वर्षांची दाढ दुधाची नव्हे

मुलाच्या तोंडातली सगळ्यात मागची मोठी दाढ किडली आणि घरचे म्हणतात, "पडून नवीन येईल." येत नाही. ती कायमची आहे. किडली तर वाचवण्यासाठी जे करता येईल ते करायचं.

अगदीच हाताबाहेर गेली असेल तर काढण्याचीही एक योग्य वेळ असते: साधारण आठ ते दहा वर्षं, जेव्हा ओपीजीत तिच्यामागच्या बारा वर्षांच्या दाढेची दोन मुळं जिथे फुटतात तो भाग तयार होताना दिसतो. त्या वेळी काढली तर मागची दाढ बऱ्याचदा सरळ पुढे येऊन जागा भरते. वरच्या जबड्यात हे सोपं जमतं, खाली वेळ चुकली की मागची दाढ कलंडते. काढण्यापूर्वी अक्कलदाढेची कळी आहे का तेही पाहतात. हा निर्णय तारांच्या तज्ज्ञाला विचारल्याशिवाय घेऊ नये.

पतंग, गच्ची आणि हातात आलेला दात

संक्रांतीच्या आठवड्यात गच्चीवरून, जिन्यावरून पडण्याचे प्रकार होतात. आठ-दहा वर्षांच्या मुलाचा समोरचा दात मुळासकट निघाला तर तो कायमचा आहे असं धरा. दिसणाऱ्या पांढऱ्या भागाला धरून उचला, मुळाला हात नको. माती लागली असेल तर दुधाने किंवा सलाइनने नुसता धुवा, घासू नका. शक्य असेल तर तिथेच खाचेत परत बसवा आणि स्वच्छ रुमाल चावून धरायला सांगा. जमत नसेल तर वाटीभर थंड दुधात टाकून निघा. अर्ध्या तासात पोचलात तर उत्तम. तासभर कोरडा राहिला की मुळावरच्या पेशी मरतात आणि पुढे दात हाडाला चिकटून बसतो किंवा झिजतो. कागदात गुंडाळू नका. दुधाचा दात मात्र परत बसवायचा नाही, खालच्या कळीला इजा होते.

मुळात नसलेले दात

अक्कलदाढा सोडल्या तर जन्मतः न तयार होणाऱ्या दातांत खालची दुसरी उपदाढ आणि वरच्या पटाशीच्या शेजारचा दात हे नेहमीचे. घराण्यात चालत येतं. आई, वडील, मामा, आत्या यांच्यापैकी कुणाचा दात आलाच नव्हता का, कुणाचा बाजूचा दात बारीक, टोकदार आहे का, हे दवाखान्यात जाण्यापूर्वी विचारून ठेवा. दुधाचे दोन दात जोडून आलेले असतील तर खालचा कायमचा दात नसण्याची शक्यता वाढते.

खालच्या जबड्यातली दुसरी उपदाढ नसेल तर तिच्या जागेवरची दुधाची दाढ लगेच काढू नका. मुळं शाबूत असतील, शेजारच्या दातांच्या पातळीत असेल, तर ती ठेवता येते. विशी ओलांडली की पुढेही बरीच वर्षं टिकते. ती सुमारे १० मिमी रुंद असते आणि उपदाढ सुमारे ७, त्यामुळे चावा जुळवायला दोन्ही कडा थोड्या घासाव्या लागतात. पण ती शेजारच्या दातांपेक्षा खाली जाताना दिसली आणि ठोकल्यावर भांड्यावर टिचकी मारल्यासारखा टणक आवाज आला, तर ती हाडाला चिकटली आहे. शेजारचे दात तिच्यावर कलण्याआधी काढावी लागते.

वरचा बाजूचा दात नसेल तर दोन वाटा. जागा बंद करून सुळा त्याच्या जागी आणायचा आणि घासून, भरून त्याला आकार द्यायचा. किंवा जागा उघडी राखून तिथे पुढे दात बसवायचा. सुळ्याचा रंग फार पिवळा आहे का, तो फार टोकदार आहे का, चेहरा बाजूने कसा दिसतो, मागचा चावा कसा आहे, हे सगळं पाहून ठरतं. आमचा कल असा की, जिथे दोन्ही जमण्यासारखं असेल तिथे जागा बंद करणं बरं. मुलाला आयुष्यभर सांभाळायला काही परकं उरत नाही.

इम्प्लांटची घाई नको. इम्प्लांट जबड्याबरोबर वाढत नाही. चौदाव्या वर्षी बसवला तर वीस वर्षांचा होईपर्यंत शेजारचे दात खाली उतरतात आणि तो आखूड, वर राहिलेला दिसतो. मुलींमध्ये सतरा-अठरा, मुलांमध्ये वीस-एकवीसपर्यंत थांबतात, आणि वर्षभराच्या अंतराने काढलेल्या चेहऱ्याच्या दोन एक्स-रेंत फरक दिसला नाही की मगच बसवतात. तोवर चिकटवलेला दात किंवा प्लेट.

सहा किंवा जास्त दात नसतील, आलेले दात शंकूसारखे असतील, केस विरळ, कातडी कोरडी आणि मुलाला घाम येत नसेल, तर प्रश्न दातांपुरता नाही. ही एक्टोडर्मल डिस्प्लेशियाची चिन्हं असू शकतात. शरीर घामाने थंड होत नाही. नागपूरच्या पंचेचाळीस अंशांत अशा मुलाला ताप येतो आणि घरचे तापाचं औषध देत राहतात. ओला टॉवेल, सुती कपडे, दुपारी घरात, शाळेला लेखी सूचना, हे आधी. दातांच्या छोट्या कवळ्या तीन-चार वर्षांपासून बसवता येतात आणि जबडा वाढेल तशा बदलाव्या लागतात. आईलाही एखादा दात नसेल तर तेही सांगा, कारण हा दोष बऱ्याचदा आईकडून मुलाकडे येतो.

नागपुरात कुठे आणि काय घेऊन जायचं

मेडिकल चौकाजवळ शासकीय दंत महाविद्यालय आहे, हिंगणा रोडला दोन खासगी दंत महाविद्यालयं आहेत. लहान मुलांचा विभाग 'पेडो' आणि तारांचा विभाग 'ऑर्थो'. शेजारच्या मेडिकलमध्ये, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, जाऊन नुसतं "ऑर्थो कुठे?" विचारलंत तर हाडांच्या वॉर्डात पाठवतील, म्हणून "दातांचं ऑर्थो" म्हणा.

सोबत जन्मतारखेचा कागद, जुने एक्स-रे, काढलेला दात आणि तो काढल्याची तारीख. तारीख आठवत नसेल तर मोबाइलमधले फोटो चाळा: वाढदिवसाच्या केकसमोर हसणाऱ्या फोटोत कुठला दात होता आणि कुठला नव्हता हे दिसतं. जागा किती महिने रिकामी आहे, ते डॉक्टरांना त्यावरूनच कळतं.